रेषा की अक्षर? : मजकुराधिष्ठित टर्मिनलवरील चौकटींची एक चिकित्सा

प्रास्ताविक

'चौकट' हा शब्द मराठीत दाराच्या लाकडापासून कायद्याच्या मर्यादेपर्यंत सर्वत्र वावरतो. निधनवार्तेभोवतीची काळी चौकट आणि लग्नपत्रिकेभोवतीची वेलबुट्टी या दोन्ही गोष्टी वाचकाला मजकूर वाचण्यापूर्वीच त्याचा भाव सांगून टाकतात. असे असूनही समीक्षेने चौकटीकडे बहुधा संहितेबाहेरची, सजावटकाराच्या अखत्यारीतील बाब म्हणूनच पाहिले आहे. प्रस्तुत लेखात अशा एका चौकटीचा विचार करावयाचा आहे, जी संहितेबाहेर असूच शकत नाही. कारण ती संहितेच्याच अक्षरांनी काढलेली असते. ही चौकट म्हणजे संगणकाच्या मजकुराधिष्ठित टर्मिनलवर दिसणारी रेघांची चौकट होय.

अशा टर्मिनलचा पडदा हा चित्रकाराचा फलक नसून एक कोष्टक असते. परंपरेने त्यात ८० स्तंभ आणि २४ किंवा २५ ओळी असतात व प्रत्येक घरात एकच चिन्ह बसते. 'येथून तेथवर रेघ ओढ' असे प्रोग्रॅम या पडद्याला सांगू शकत नाही; 'या घरात अमुक क्रमांकाचे चिन्ह ठेव' एवढेच सांगू शकतो. म्हणून रेघ हवी असेल तर रेघेचे तुकडे, कोपरे आणि सांधे हे सर्व अक्षरांच्या यादीतच असावे लागतात. पडद्यावरील मजकूर उचलून दुसरीकडे नेला तर चौकटीच्या रेघाही त्यासोबत जातात, आणि शोध घेतला तर रेघही शब्दासारखीच सापडते. तिचे अक्षरत्व हे रूपक नव्हे, ती वस्तुस्थिती आहे.

आता अक्षरांच्या यादीतील जागा मर्यादित असतात. रेघेला जागा दिली की ती कोणत्या तरी अक्षराची जाते. या चौकटींचा इतिहास हा त्यामुळे रेघ आणि अक्षर यांच्यातील वाटणीचा इतिहास ठरतो. देवनागरीच्या बाबतीत मात्र ही वाटणी क्रमांकांपुरती राहत नाही. देवनागरी ही स्वतःच रेघेवर उभी असलेली लिपी असल्यामुळे येथे प्रश्न अधिक मुळाशी जातो. यंत्राने कोणत्या रेघेला सांधण्यायोग्य मानले आणि कोणत्या रेघेला मानले नाही, असा तो प्रश्न आहे.

उसनी रेघ

ॲस्की या अमेरिकन संकेतप्रणालीत एकूण १२८ स्थाने आहेत व त्यांपैकी मोकळ्या जागेसह ९५ स्थाने छापता येणाऱ्या चिन्हांची आहेत. त्यांत चौकटीसाठी म्हणून एकही चिन्ह नाही. त्यामुळे आरंभीच्या काळात वजाबाकीचे चिन्ह आडवी रेघ झाले, दंडासारखे चिन्ह उभी रेघ झाले आणि बेरजेचे चिन्ह कोपरा झाले. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रचला गेलेला 'रोग' हा संगणकीय खेळ या उसनवारीचा उत्तम नमुना आहे. भूमिगत दालनांच्या भिंती दंडाने व वजाबाकीच्या चिन्हाने, दारे बेरजेच्या चिन्हाने आणि जमीन पूर्णविरामांनी दाखवलेली असे. या भिंतींना फटी असत, कारण वजाबाकीचे चिन्ह घराच्या कडेपर्यंत पोचत नाही. तरीही खेळणाऱ्याला भिंत दिसे. येथे रेघ काढलेली नसून सुचवलेली होती, आणि सूचकतेचे महत्त्व काव्यशास्त्राच्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ मधील व्हीटी-१०० या टर्मिनलने दुसरा मार्ग काढला होता. त्यात रेघांचा एक पर्यायी संच होता व तो रोमन लिपीतील लहान अक्षरांच्या जागी बसे. एक विशिष्ट संकेतमालिका पाठवली की 'क्यू' हे अक्षर आडवी रेघ होई, 'एक्स' उभी रेघ होई आणि 'जे, के, एल, एम' ही चार अक्षरे चार कोपरे होत. दुसरी मालिका पाठवली की सर्व काही पूर्ववत होई. अक्षरे तीच, केवळ त्यांचा अर्थ बदललेला. ही दुसरी मालिका वाटेत हरवली तर मात्र पुढचा सर्व मजकूर रेघांच्या तुकड्यांत बदलून जाई. उलट, समोरच्या टर्मिनलला पहिली मालिका समजलीच नाही तर चौकटीची वरची कड 'एल-क्यू-क्यू-क्यू-के' अशी अक्षरश: वाचायला मिळे. अशा प्रसंगी चौकटीचे गुपित फुटते. आपण ज्याला आकार समजत होतो ते एक लिहिलेले वाक्य होते, हे वाचकाला कळते.

नववा स्तंभ

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने रेघेला कायमचे घर दिले. त्याच्या २५६ चिन्हांच्या तक्त्यात, जो पुढे 'कोड पेज ४३७' म्हणून ओळखला गेला, १७९ ते २१८ हे सलग ४० क्रमांक चौकटीच्या तुकड्यांना दिलेले आहेत. एकेरी रेघेचे ११, दुहेरी रेघेचे ११ आणि दोन्हींच्या मिश्रणाचे १८ असे हे तुकडे आहेत. त्याच तक्त्यात पत्त्यांची चार चिन्हे आणि दोन हसरे चेहरेही आहेत. एवढी उदार जागा रेघांना मिळाली तेव्हा जगातील बहुसंख्य लिप्या या तक्त्याबाहेर होत्या, याची नोंद येथेच करून ठेवू.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या तक्त्यापेक्षाही महत्त्वाची आहे ती त्याला पडद्यावर आणणाऱ्या यंत्रातील एक तजवीज. आयबीएमच्या एकरंगी पडद्यावर प्रत्येक घर ९ बिंदू रुंद आणि १४ बिंदू उंच असे; परंतु चिन्हाचा साठवलेला आकार ८ बिंदूंचाच असे. नववा स्तंभ कोरा ठेवला जाई, कारण रोमन अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत. पण हाच कोरा स्तंभ आडव्या रेघेत प्रत्येक घरानंतर एक फट पाडणार होता. म्हणून १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांपुरता अपवाद करण्यात आला. त्यांच्या आठव्या स्तंभातील बिंदू नवव्या स्तंभात पुन्हा उमटवले जात व रेघ अखंड होई.

या तक्त्यातील तुकड्यांचा क्रम प्रथमदर्शनी अगदी विस्कळीत वाटतो. डावीकडचा वरचा कोपरा २१८ क्रमांकावर, उजवीकडचा वरचा कोपरा १९१ वर आणि आडवी रेघ १९६ वर आहे. परंतु नववा स्तंभ ध्यानात घेऊन तक्ता पुन्हा वाचला की त्यामागील शिस्त दिसू लागते. १७९ ते १९१ या तेरा तुकड्यांपैकी एकाचीही भुजा उजवीकडे जात नाही. उजवीकडे भुजा असलेला प्रत्येक तुकडा १९२ वर किंवा त्याच्या पुढे आहे. म्हणजे ज्यांना शेजाऱ्याचा हात धरावयाचा आहे अशा सर्वांना अपवादाच्या क्षेत्रात बसवले आहे. समीक्षेला येथे थांबावेसे वाटते, कारण या यंत्राची मूळ धारणा या एका तपशिलात उघडी पडते. अक्षरांनी एकमेकांपासून अलग राहणे हा नियम. रेघांनी एकमेकींना भिडणे हा अपवाद.

रेघ जोडली गेल्यावर तिच्यात व्याकरणही आले. बोर्लंड कंपनीच्या 'टर्बो व्हिजन' या १९९० च्या साधनसंचात काम चालू असलेल्या खिडकीला दुहेरी रेघेची चौकट असे आणि मागे पडलेल्या खिडकीला एकेरी. महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळांत टर्बो सीचा निळा पडदा दीर्घकाळ वापरात होता. त्या पडद्यावर काम केलेल्या प्रत्येकाने हा भेद न शिकवता आत्मसात केला असणार. चौकट येथे शोभेची उरत नाही. 'तुमचे लक्ष येथे असू द्या' हे ती एकही शब्द न वापरता सांगते.

'क' च्या जागी दंड

हा तक्ता इंग्रजीबाहेर जाऊ लागला तेव्हा रेघ आणि अक्षर यांच्यात खरी स्पर्धा सुरू झाली. पश्चिम युरोपसाठीच्या कोड पेज ८५० मध्ये मिश्र रेघांचे १८ तुकडे काढून त्यांच्या जागी मुख्यतः स्वरचिन्हांकित अक्षरे घालण्यात आली. शुद्ध एकेरी आणि शुद्ध दुहेरी रेघा राखल्या. परिणामी मिश्र रेघा वापरणारा अमेरिकी प्रोग्रॅम तेथे चालवला की चौकटीच्या सांध्यांवर अक्षरे उगवत. रशियन भाषेसाठीच्या कोड पेज ८६६ मध्ये उलट घडले. तेथे रेघांचा संपूर्ण पट्टा जागच्या जागी ठेवला गेला आणि लहान सिरिलिक अक्षरांची मालिका मध्यभागी तोडून त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवण्यात आली. पहिली सोळा अक्षरे १६० ते १७५ वर आणि उरलेली सोळा २२४ ते २३९ वर. चौकट अभंग राहावी म्हणून एका भाषेने आपल्या वर्णमालेचे दोन तुकडे होऊ दिले, हे दृश्य एखाद्या रूपककथेत शोभावे असे आहे.

भारतात भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या प्रमाणात (आयएस १३१९४) वर्णमाला तोडली नाही. खालची १२८ स्थाने ॲस्कीला ठेवून वरच्या भागात १६१ पासून चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग, मग स्वर आणि मग व्यंजने अशा परंपरागत क्रमाने चिन्हे मांडली. क्रम अखंड राहिल्यामुळे वर्णानुक्रम लावणे सोपे झाले आणि एकच तक्ता ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्यांनाही चालला. हा निर्णय, प्रस्तुत लेखकाच्या मते, भाषिकदृष्ट्या निःसंशय योग्य होता. परंतु दोन तक्ते एकमेकांवर ठेवून पाहिले असता जे दिसते ते विलक्षण आहे.

इस्कीत 'क' चा क्रमांक १७९ आहे. आयबीएमच्या तक्त्यात १७९ म्हणजे उभी रेघ. इस्कीत 'ह' २१६ वर आहे. आणि रेघांचा पट्टा २१८ पर्यंत जातो. म्हणजे 'क' पासून 'ह' पर्यंतचे एकूण एक व्यंजन चौकटीच्या कोणत्या ना कोणत्या तुकड्यावर येऊन बसलेले आहे. एकही बाहेर राहत नाही. १९६ ही आडवी रेघ म्हणजे 'द'. १९१ हा कोपरा म्हणजे 'ड', आणि १९७ हा चारी बाजूंचा सांधा म्हणजे 'ध'. आयबीएमच्या तक्त्यानुसार काढलेली आडवी रेघ इस्कीनुसार वाचली तर 'ददददद' अशी ओळ मिळेल. आणि इस्कीत लिहिलेला 'कमल' हा शब्द आयबीएमच्या तक्त्यानुसार दाखवला तर │╠╤ असे मोडक्या कुंपणासारखे काहीतरी दिसेल. बायनरी पातळीवर पाहिल्यास या दोन्हींत काहीच फरक नाही. फरक आहे तो वाचणाऱ्याने कोणता तक्ता हातात धरला आहे यात.

यावरून भारतीय लिप्यांवर जाणूनबुजून अन्याय झाला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. इस्कीची मांडणी आठ बिटी संकेतांच्या आंतरराष्ट्रीय प्रथेला धरून होती. त्या प्रथेत वरच्या भागातील पहिली बत्तीस स्थाने नियंत्रणासाठी मोकळी ठेवून अक्षरे १६१ पासून सुरू करतात. ती प्रथा मोडून रेघांचा पट्टा मध्येच बसवणारा तक्ता आयबीएमचा होता. प्रमाण एकाने पाळले आणि बाजार दुसऱ्याच्या हाती राहिला, असे फार तर म्हणता येईल.

शिरोरेषेचा प्रश्न

मात्र क्रमांकांची ही टक्कर हा विषयाचा वरचा थर झाला. त्याखाली एक अधिक गंभीर साम्य दडलेले आहे. रोमन अक्षरांना शेजारच्या अक्षराला भिडावे लागत नाही. म्हणूनच आयबीएमच्या तक्त्यात भिडणारी चिन्हे म्हणजे मुख्यतः चौकटीचे तुकडे. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला शेजाऱ्याला भिडावेच लागते. शिरोरेषा ही एका घरातून दुसऱ्या घरात अखंड जाणारी आडवी रेघच आहे. चौकट काढणाऱ्याची आणि देवनागरी लिहिणाऱ्याची तांत्रिक गरज या ठिकाणी एकच ठरते.

खिळ्यांच्या छपाईत ही गरज पूर्वीच ओळखली गेली होती. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये मुंबईत सुरू झाला, त्या काळातील देवनागरी खिळ्यांचा विचार करावा. शिरोरेषा खिळ्याच्या कडेपर्यंत नेली तरच शेजारी जुळवलेल्या दोन खिळ्यांतील रेघ छापताना एक होते. आयबीएमच्या आडव्या रेघेचा तुकडाही नेमका याच युक्तीने जुळतो.

आता एक विचारप्रयोग करून पाहू. १९८७ च्या व्हीजीए कार्डात चिन्हांचे आकार बदलता येत असत आणि नवव्या स्तंभाची जुनी तजवीजही त्यात होती. समजा, कोणी इस्कीच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार भरले. तर 'क' ते 'ड' ही तेरा व्यंजने अपवादाच्या क्षेत्राबाहेर पडल्यामुळे त्यांच्यानंतर शिरोरेषा तुटेल. आणि 'ढ' पासून पुढच्या व्यंजनांची शिरोरेषा मात्र आपोआप सांधली जाईल. 'कमळ' लिहिताना 'क' नंतर फट, 'म' नंतर नाही. रेघ सांधण्याची किल्ली यंत्रात होती. पण ती कोणत्या क्रमांकांना लावायची हे चौकटी पाहून ठरलेले होते.

प्रत्यक्षात देवनागरी या मार्गाने आली नाही. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान हे निराळे उत्तर होते. जिस्ट कार्ड हे संगणकात स्वतंत्रपणे बसवावे लागे आणि इस्की संकेतांवरून जोडाक्षरे व मात्रा घडवून ती डॉसच्या मजकुरी पडद्यावर दाखवण्याचे काम ते करीत असे. रोमन लिपीसाठी जे यंत्रात अंगभूत होते ते देवनागरीसाठी वेगळे विकत घ्यावे लागले. भारतीय भाषांच्या संगणकीकरणाच्या इतिहासात जिस्टचा उल्लेख कौतुकाने होतो व तो रास्तच आहे. पण अशा कार्डाची गरज का पडली, याचे उत्तर पडद्याच्या त्या एकेका घरात शोधण्याचे काम फारसे झालेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. देवनागरी मुळातच समान रुंदीच्या घरांत मावणारी लिपी नाही, मग यंत्राला दोष का द्यावा? या आक्षेपाला देवनागरी टंकलेखन यंत्राने परस्पर उत्तर दिलेले आहे. त्या यंत्राचा गाडा प्रत्येक कळीमागे ठरावीक अंतरच सरकत असे. तरीही अर्धे व्यंजन आणि काना अशा दोन ठोक्यांत पूर्ण व्यंजन उमटवून आणि मात्रांसाठी गाडा न सरकवणाऱ्या कळा ठेवून मराठी कारभार त्यावर अनेक दशके चालला. अक्षरे देखणी नव्हती हे खरे. पण लिपीला घरात बसवताना घराचा हिशेब लिपीच्या अवयवांप्रमाणे मांडता येतो, हे त्यातून सिद्ध झाले होते.

आजची कड

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत क्रमांकांची टक्कर मिटली. चौकटीच्या तुकड्यांना १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. देवनागरीलाही १२८ स्थानांचाच विभाग मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. आता 'द' आणि आडवी रेघ एकाच पडद्यावर सुखाने नांदू शकतात. परंतु वाद संकेततक्त्यातून उठला तो रुंदीच्या मोजणीत जाऊन बसला.

'लक्ष्मी' हे नाव घ्यावे. युनिकोडमध्ये ते ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशा सात संकेतांचे आहे. मार्कुस कून यांनी लिहिलेल्या आणि अनेक टर्मिनलांनी आधाराला घेतलेल्या रुंदी-मोजणीच्या नियमांनुसार हलन्ताची रुंदी शून्य आणि वेलांटीची एक, म्हणून ते पाच घरांचे होते. मराठी वाचकाच्या लेखी त्यात 'ल' आणि 'क्ष्मी' अशी दोनच अक्षरे आहेत. सात, पाच की दोन? प्रोग्रॅम एक संख्या धरतो, टर्मिनल दुसरी धरते, आणि फाँटमधील जोडाक्षर प्रत्यक्षात तिसरीच जागा व्यापते. या मतभेदाचा परिणाम दिसतो तो नेमका चौकटीवर. रकान्याची डावी कड सरळ राहते आणि उजवी कड प्रत्येक नावागणिक आत-बाहेर होत जाते. मराठी नावांची कोष्टके टर्मिनलवर पाहिलेल्यांना ही दातेरी कड परिचयाची असेल. ज्या समाजात जमिनीचा हक्क गाव नमुना सात व बाराच्या रकान्यांतून वाचला जातो, तेथे रकान्याची कड ही केवळ शोभेची बाब मानता येत नाही. कोणता आकडा कोणाच्या नावासमोर आहे हे तीच सांगते.

पूर्व आशियाई लिप्यांचा अनुभव येथे तपासण्यासारखा आहे. जपानने आपल्या प्रमाणात १९८३ मध्ये चौकटीचे ३२ तुकडे घातले. त्यांत एकेरी-दुहेरीऐवजी बारीक आणि जाड असा भेद होता. चिनी-जपानी अक्षर दोन घरे व्यापते हा संकेत तेथे रूढ होता व युनिकोडने त्यासाठी स्वतंत्र गुणधर्म आणि जोडपत्र प्रसिद्ध केले. त्या जोडपत्रात चौकटीच्या बहुतेक रेघांची रुंदी 'संदिग्ध' म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे संदर्भानुसार त्या एक किंवा दोन घरांच्या मानाव्यात. भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी घरांचा असा कोणताही हिशेब या गुणधर्मात मांडलेला नाही.

दरम्यान रेघेचे लाड चालूच आहेत. फाँटमधील रेघेच्या तुकड्यांत सांधा दिसतो म्हणून किटी, अलाक्रिटी यांसारखी आजची टर्मिनले चौकटीची चिन्हे फाँटमधून घेण्याऐवजी स्वतःच घराच्या मापाने रेखतात. नवव्या स्तंभाचाच हा नवा अवतार म्हणावा लागेल. अक्षरांसाठी सामान्य नियम आणि रेघेसाठी खास व्यवस्था ही विभागणी चार दशकांनंतरही शाबूत आहे, आणि या विभागणीत शिरोरेषा अजून अक्षरांच्या बाजूलाच मोजली जाते. ती त्या बाजूने सोडवायची तर 'क्ष्मी' ला किती घरे द्यावीत यावर प्रोग्रॅम आणि टर्मिनल या दोघांनी एकाच वेळी एकच उत्तर द्यावे लागेल. एकट्याने दिलेल्या बरोबर उत्तरानेही उजवी कड वाकडीच राहते.